गुरुवारी पाणी बंद

आमच्या धनकवडीला गुरुवारी पाणी नसतं.
हे मला पाठ, तरी तीन वर्षं
मी त्याच वाराचं खोटं बोलत राहिले:
"हो, दिगू इथंच होता. उशीर झाला, मग झोपला."

उज्ज्वलावहिनी फोनवर जराशी थांबायची.
मग, "जेवले का नीट?"
मी भाजीसुद्धा सांगायचे. दोडका. पडवळ.
एकदा शेपू म्हणाले,
तेव्हा ती हसली असावी.
दिगू शेपूला शिवत नाही.

हे असलं बोलणं त्याचंच.
फलटणला मला न्यायला आला रात्री टेम्पो घेऊन.
मी दारात. एक बॅग, शिलाई मशीन,
डाव्या कानात नुसती शिट्टी.
त्यानं काही विचारलं नाही.
दिवे घाट उतरल्यावर चहाला थांबला, म्हणाला,
"सांगू सगळ्यांना, पुण्यात नोकरी लागली."
एकवीस वर्षं झाली, सगळ्यांना तेवढंच माहीत.
आईसुद्धा तेवढंच घेऊन गेली.
मशीन अजून चालतं. कान नाही.

म्हणून त्यानं मांजरीच्या खोलीचं सांगितलं,
टेम्पोतल्या त्याच आवाजात,
तेव्हा मीही काही विचारलं नाही.

एकदा गेले मात्र. उगाच.
रसवंतीच्या मागे, दुसरा मजला.
दार उघडलं एका पोरानं,
हातात कंपासपेटी,
आणि अण्णांचे कान. तसेच, बाहेर आलेले,
वरच्या टोकाला दुमडलेले.
"कोण पाहिजे?"
म्हटलं, चुकलं बाळा, वरचा मजला.
वर मजला नव्हता, गच्ची होती.
तिथं दोरीवर दिगूचा शर्ट,
कॉलर मीच उलटवून दिलेली.

मागच्या शुक्रवारी वहिनी आली, फोन न करता.
चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात,
नळ सोडला.
नळ दोनदा खोकला आणि गप्प.
"शुक्रवारी नऊपर्यंत असंच ना तुमच्याकडे?"
हो म्हटलं.
"मग हे सातला डोकं धुऊन कसे येतात?"

मोरीत पिंप होतं, काठोकाठ भरलेलं.
नुसतं झाकण उचललं असतं तरी भागलं असतं.
ती माझ्या डाव्या बाजूला उभी होती,
ऐकलं नाही म्हणता आलं असतं.

मी नळ फिरवून घट्ट केला.
"मुलगा आठेक वर्षांचा असेल," म्हटलं.

रडली नाही. ओट्यावरचा ओला डाग
बोटानं पुसत राहिली.
"नाव काय त्याचं?"
"माहीत नाही."
एवढ्या वर्षांत तिला सांगितलेलं
हे पहिलंच खरं असेल.
त्यावर तिचा विश्वास बसला नाही.

रात्री दिगू आला. उंबऱ्यातूनच म्हणाला,
"फलटणचं मी कुणाला बोललो का कधी?"
नाही बोललास.
"मग?"
माझ्याकडे मग नव्हतं.
मशीनवर कुणाचा तरी परकर होता,
त्याची टीप उसवत बसले. चुकली नव्हती.

काल गुरुवार.
वहिनीनं घराचं कुलूप बदललंय,
मांजरीलाही काहीतरी झालंय, तो सांगत नाही.
दहा वाजता पिशवी घेऊन आला,
दोडका जेवला, बाहेरच्या खोलीत पडला.
मी वहिनीला फोन लावला.
"दिगू इथंच आहे."
ती जराशी थांबली.
"बरं," म्हणाली. जेवले का, ते विचारलं नाही.

आता सकाळ. साडेआठपासून तो
नळाखाली बादली लावून बसलाय,
गुडघ्यांवर हात, लहानपणी बसायचा तसा.
नऊला पाणी आलं.
पहिलं गढूळ येतं, दोन-तीन बादल्या
सोडून द्याव्या लागतात.
इथं राहिलेल्याला ते माहीत असतं.
त्यानं तेच भरून घेतलं,
आणि वर झाकण ठेवलं.